ठेवी वाचल्या, मालकी गेली : डनफर्मलिन बिल्डिंग सोसायटीची गोष्ट

३० मार्च २००९, सोमवार. स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन बिल्डिंग सोसायटीच्या ३४ शाखा रोजच्यासारख्या उघडल्या. काउंटरवर तीच माणसं, दारावर तीच पाटी, खात्यात तीच शिल्लक. बदल झाला होता तो कागदोपत्री, आणि तो फार मोठा होता. १८६९ सालापासून सभासदांच्या मालकीची असलेली ही संस्था शनिवार-रविवारात तीन तुकड्यांत वाटली गेली होती. ठेवी आणि शाखा एकीकडे, परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी दिलेली कर्जं दुसरीकडे, अडकलेली कर्जं तिसरीकडे. एकाही ठेवीदाराची पेनी बुडाली नाही. आणि एकाही सभासदाला मत विचारलं गेलं नाही.

ज्यांचे पैसे सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत आहेत त्यांनी ही घटना नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. सभासदांच्या मालकीची संस्था बुडू लागली की तिला ‘वाचवतात’ म्हणजे नेमकं काय करतात, त्यात कोण वाचतं आणि कोणाचं काय जातं, हे डनफर्मलिनइतकं उघड क्वचितच कुठे दिसतं.

आधी संस्था कसली ते पाहू. ब्रिटनमधली बिल्डिंग सोसायटी म्हणजे आपल्याकडची फ्लॅटवाल्यांची सोसायटी नव्हे. लोकांची बचत गोळा करायची आणि त्यातून घरासाठी कर्ज द्यायचं, हा तिचा धंदा. सुरुवात १७७५ साली बर्मिंगहॅममध्ये झाली असं मानतात. गोल्डन क्रॉस नावाच्या खाणावळीचे मालक रिचर्ड केटली यांनी काही कारागिरांना एकत्र करून ती काढली. बरीचशी आपल्या भिशीसारखी रचना. सगळ्यांनी दरमहा पैसे भरायचे, जमलेल्या रकमेतून एकेकाचं घर उभं करायचं, आणि सगळ्यांची घरं झाली की सोसायटी मोडायची. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कायमस्वरूपी सोसायट्या आल्या. ज्यांना घर नको, फक्त सुरक्षित व्याज हवं, अशांच्याही ठेवी त्या घेऊ लागल्या.

एक गोष्ट मात्र टिकली. बाहेरचा भागधारक नाही. ज्याचं बचत खातं आहे तो सभासद, ज्याने घरकर्ज घेतलंय तोही सभासद, आणि प्रत्येकाला एकच मत, मग खात्यात शंभर पौंड असोत की पन्नास हजार. नफा वाटून टाकायला कोणी मालक बसलेला नसल्याने तो राखीव निधीत जातो, किंवा ठेवींवर थोडं जास्त आणि कर्जावर थोडं कमी व्याज लावून सभासदांना परत मिळतो. १९८६च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांप्रमाणे कर्जांचा किमान ७५ टक्के भाग घरांच्या तारणावर असावा लागतो आणि निम्मा तरी पैसा सभासदांच्या बचतीतून यावा लागतो. म्हणजे सावध, संथ आणि कंटाळवाणी राहील अशीच ही संस्था घडवलेली आहे. तो तिचा गुण आहे.

मग ती बुडते कशी?

इथे थोडं गणित करावं लागेल, पण ते सोपं आहे. समजा एका सोसायटीने १०० पौंड कर्जाऊ दिलेत. त्यातले ९५ पौंड सभासदांच्या ठेवींचे, म्हणजे ती देणी. उरलेले ५ पौंड वर्षानुवर्षांच्या नफ्यातून साठलेला राखीव निधी. आता १०० पैकी ३ पौंडांचं कर्ज बुडालं. ठेवीदाराला काही कळतही नाही, राखीव निधी पाचावरून दोनवर येतो. पण ६ पौंड बुडाले तर? देणं ९५ आणि हातात ९४. त्या क्षणी ही संस्था बुडालेली आहे. काउंटरवर गर्दी असो वा नसो, आणि तिजोरीत रोकड असो वा नसो.

सामान्य बँक अशा वेळी बाजारात जाते, नवे शेअर काढते, जुन्या भागधारकांना म्हणते, आणखी पैसे घाला. बिल्डिंग सोसायटीकडे तो रस्ताच नाही. नवे मालक आणायचे कुठून? ठेवीदार आणखी ठेव ठेवील, पण ठेव म्हणजे पुन्हा देणंच. काही मोठ्या सोसायट्या विशेष प्रकारचे रोखे काढतात, पण संकटात ते घ्यायला कोणी पुढे येत नाही. थोडक्यात, भांडवल कमवायचं ते नफ्यातून, आणि नफा होतो सावकाश. शंभर वर्षांत साठलेली गंगाजळी दोन वर्षांत आटू शकते, पण दोन वर्षांत पुन्हा भरत नाही. या संस्थांचा खरा कच्चा दुवा हा आहे, आणि सुबत्तेच्या काळात तो कोणाच्या नजरेत भरत नाही.

डनफर्मलिन हे फाइफ भागातलं विणकरांचं जुनं गाव, लिननच्या कापडासाठी नावाजलेलं. पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा कमावणारे अँड्र्यू कार्नेगी १८३५ साली इथल्याच एका हातमाग विणकराच्या घरी जन्मले. गावाच्या नावाची ही सोसायटी स्कॉटलंडमधली सर्वांत मोठी होती. मालमत्ता सुमारे ३३० कोटी पौंड, म्हणजे ब्रिटनच्या मानाने मध्यम आकार. १९८९ साली ॲबी नॅशनल आणि मग नव्वदच्या दशकात हॅलिफॅक्स, नॉर्दर्न रॉक अशा नावाजलेल्या सोसायट्या एकामागून एक शेअर बाजारातल्या बँका झाल्या. सभासदांना फुकट शेअर मिळाले, अनेकांनी ते विकून सुट्टीची सहल नाहीतर गाडी घेतली. डनफर्मलिनने ते केलं नाही. ती सभासदांचीच राहिली.

म्हणून तिचं पुढचं वागणं जास्त टोचतं. २००४नंतरच्या तेजीत घरकर्जातला नफा घटला होता, स्पर्धा वाढली होती. संस्थेला मोठं व्हायचं होतं. तिने दोन वाटा धरल्या.

पहिली वाट व्यापारी मालमत्तेची. कार्यालयांच्या इमारती, दुकानांचे गाळे, विकासकांचे प्रकल्प. यात तिने ६५ कोटी पौंडांहून जास्त कर्ज दिलं आणि त्यातलं बरंचसं बाजार शिखरावर असताना दिलं. एकूण मालमत्तेचा हा जवळपास पाचवा हिस्सा. घरकर्ज आणि व्यापारी कर्ज यांत फरक केवढा ते पाहा. हजार कुटुंबांना दिलेल्या घरकर्जांपैकी दहा-वीस थकतील, बाकीची माणसं पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरतील, कारण डोक्यावरचं छप्पर जाणार असतं. विकासकाचं एकच कर्ज मोठं असतं आणि भाडेकरू गेला, विक्री थांबली की सगळं एकदम थांबतं. २००७च्या मध्यापासून पुढच्या दोन वर्षांत ब्रिटनमधल्या व्यापारी मालमत्तेच्या किमती ४० टक्क्यांच्या आसपास कोसळल्या.

दुसरी वाट तर माझ्या मते जास्त आक्षेपार्ह. जीएमएसी आणि लेहमन ब्रदर्स या अमेरिकी कंपन्यांच्या ब्रिटनमधल्या धंद्याकडून सुमारे १५ कोटी पौंडांची तयार गृहकर्जं संस्थेने विकत घेतली. त्यांत अशी कर्जं होती की कर्जदाराने आपलं उत्पन्न स्वतःच लिहून द्यायचं, पुरावा मागायचा नाही. ज्या संस्थेची सगळी ताकद ‘आम्ही आमच्या माणसाला ओळखतो’ यात होती, तिने ज्यांचं तोंडही पाहिलेलं नाही अशांची कर्जं दुसऱ्याच्या शब्दावर घेतली. याखेरीज नव्या संगणक यंत्रणेवर मोठा खर्च झाला आणि त्यातलाही बराच भाग तोट्यात लिहून टाकावा लागला.

आता मघाचं गणित इथे लावू. ६५ कोटींच्या व्यापारी कर्जांपैकी दहावा हिस्सा जरी बुडाला तरी साडेसहा कोटी पौंड गेले. २००८ सालासाठी संस्थेला सुमारे अडीच कोटी पौंडांच्या तोट्याचा अंदाज होता. वित्तीय नियामकाने हिशेब मांडला की संस्था उभी ठेवायची तर सहा ते दहा कोटी पौंड घालावे लागतील, आणि एवढ्या पैशाचं व्याजही ही संस्था आपल्या नफ्यातून फेडू शकणार नाही. संस्थेचे अध्यक्ष जिम फॉल्ड्स यांना हे मुळीच मान्य नव्हतं. याच्या निम्म्याहून कमी रकमेचं कर्ज मिळालं असतं तर आम्ही तरलो असतो, असं ते जाहीरपणे सांगत राहिले. स्कॉटलंडचे तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, ॲलेक्स सॅमंड यांनीही लंडनच्या निर्णयावर टीका केली. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन स्वतः फाइफचे, त्यांचा मतदारसंघ शेजारचाच. त्यामुळे वाद आणखी चिघळला. बड्या बँकांना हजारो कोटी आणि आमच्या सोसायटीला काहीच नाही, ही तिथल्या माणसांची वेदना मला समजते. पण ज्या संस्थेला नफ्यातून परतफेड जमणार नाही तिला कर्ज देणं म्हणजे तोटा पुढच्या वर्षावर ढकलणं, हा नियामकाचा मुद्दाही खोडून काढता येत नाही.

अशा संस्थांचं पूर्वी काय व्हायचं?

खूप पूर्वी, काहीच व्हायचं नाही. १८९२ साली लिबरेटर नावाची प्रचंड सोसायटी कोसळली. तिचे सूत्रधार जेबेझ बॅल्फोर संसद सदस्य होते. ते अर्जेंटिनाला पळाले, त्यांना तिथून पकडून आणलं, १४ वर्षांची सक्तमजुरी झाली. पण छोट्या बचतदारांचे पैसे गेले ते गेलेच, हजारो घरं उघडी पडली. त्यानंतर कायदा कडक झाला आणि हळूहळू या क्षेत्रात एक अलिखित रिवाज रुजला. एखादी सोसायटी अडचणीत आली की मोठी सोसायटी तिला गुपचूप पोटात घेणार. १९७८ साली एसेक्समधल्या ग्रेज सोसायटीचे अध्यक्ष कित्येक वर्षं पैसे लाटत होते असं उघड झालं, तेव्हा वूलविच सोसायटीने ती संस्था घेतली आणि खड्डा भरायला इतर सोसायट्यांनी हातभार लावला. कोणीही उपकार म्हणून हे केलं नाही. एका सोसायटीच्या दाराशी रांग लागली की उद्या आपल्या दाराशी लागेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

२००८ सालीही आधी हाच मार्ग वापरला गेला. नेशनवाइड ही जगातली सर्वांत मोठी बिल्डिंग सोसायटी. तिने डर्बिशर आणि चेशर या दोन सोसायट्या घेतल्या. यॉर्कशर सोसायटीने बार्न्सली घेतली, तिचे पैसे आइसलँडच्या बुडालेल्या बँकांत अडकले होते. स्किप्टनने स्कारबरो घेतली.

एरवी अशा विलीनीकरणाला सभासदांची मंजुरी लागते, आणि बचत खातेदारांच्या बाबतीत साधं बहुमत पुरत नाही, मतदान करणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांचा पाठिंबा लागतो. पण कायद्यात एक खिडकी ठेवलेली आहे. ठेवीदारांच्या हितासाठी तातडी असेल तर नियामकाच्या संमतीने फक्त संचालक मंडळाच्या ठरावावर संस्था दुसरीच्या स्वाधीन करता येते. डर्बिशर आणि चेशर त्याच खिडकीतून गेल्या. कारण उघड आहे. मतदान म्हणजे सूचना, पत्रं, सभा, काही महिने. आणि ‘आपली संस्था अडचणीत आहे, विलीनीकरणाला मत द्या’ असं पत्र तीन लाख घरांत गेलं की दुसऱ्या दिवशी लोक मतपत्रिका घेऊन नव्हे, पैसे काढायची स्लिप घेऊन येतील. सप्टेंबर २००७मध्ये नॉर्दर्न रॉकच्या शाखांबाहेर लागलेल्या रांगा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताज्या होत्या.

डनफर्मलिनच्या बाबतीत मात्र हा जुना मार्ग चालेना. संपूर्ण संस्था जशीच्या तशी घ्यायला कोणी तयार होईना. त्यात गैर काय? नेशनवाइडचे संचालकही आपल्या सभासदांना उत्तर देणं लागतात. दुसऱ्या सोसायटीची बुडीत व्यापारी कर्जं त्यांनी आपल्या सभासदांच्या गंगाजळीतून का भरावीत?

इथे नवा कायदा कामाला आला. नॉर्दर्न रॉकच्या अनुभवानंतर ब्रिटनने बँकिंग कायदा २००९ केला आणि तो २१ फेब्रुवारीला लागू झाला. त्यातली विशेष तरतूद अशी की नियामकाने संस्था टिकण्यासारखी नाही असं ठरवलं की बँक ऑफ इंग्लंड तिचा ताबा घेऊन तिचे तुकडे करू शकते, हवा तो भाग हव्या त्या खरेदीदाराला देऊ शकते, आणि त्यासाठी सभासदांची किंवा कोर्टाची परवानगी आधी घ्यावी लागत नाही. कायदा लागू होऊन सव्वा महिनाही झाला नव्हता. त्याचा पहिला वापर डनफर्मलिनवर झाला.

२८ आणि २९ मार्च, शनिवार आणि रविवार. बँक ऑफ इंग्लंडने इच्छुकांकडून सीलबंद बोली मागवल्या. बोली नेशनवाइडने जिंकली. जवळपास सगळ्या ठेवी, सगळ्या शाखा, मुख्यालय, आणि डनफर्मलिनने स्वतः पारखून दिलेली घरकर्जं तिच्याकडे गेली. हा झाला पहिला तुकडा.

दुसरा तुकडा मला सगळ्यांत विचारपूर्वक केलेला वाटतो. स्कॉटलंडमध्ये परवडणाऱ्या भाड्याने घरं देणाऱ्या ना-नफा गृहसंस्था आहेत आणि डनफर्मलिन त्यांना मोठ्या प्रमाणात कर्ज देत असे. ही कर्जं बुडीत नव्हती. पण ती लांब मुदतीची आणि कमी व्याजाची होती, दोन दिवसांत त्यांची किंमत ठरवून कोणी घेतो म्हणालं नाही. ती बुडीत कर्जांसोबत फेकली असती तर बांधकामं मध्येच थांबण्याची भीती होती. म्हणून बँक ऑफ इंग्लंडने स्वतःच्या मालकीची एक तात्पुरती बँक उभी केली, डीबीएस ब्रिज बँक नावाची, आणि ही कर्जं तिच्यात ठेवली. काम एवढंच की घाई न करता योग्य गिऱ्हाईक मिळेपर्यंत सांभाळायचं. जूनमध्ये तेही मिळालं आणि ते नेशनवाइडच निघालं. जे मार्चमध्ये चाळीस-पन्नास तासांत जमत नव्हतं ते तीन महिन्यांच्या उसंतीने जमलं.

तिसरा तुकडा उरलेल्याचा. व्यापारी कर्जं, विकत घेतलेली गृहकर्जं, गुंतवणुकीतला बहुतांश भाग, आणि संस्थेने काढलेले दुय्यम दर्जाचे रोखे, म्हणजे ज्यांची परतफेड इतर देण्यांनंतर होते ते. ही जुनी संस्था आता केपीएमजी या लेखापाल कंपनीच्या प्रशासकांच्या हाती गेली. त्यांनी वर्षानुवर्षं एकेक कर्ज वसूल करत बसायचं. नेशनवाइड आणि ब्रिज बँक यांना लागेल ती मदत आधी करायची आणि घेणेकऱ्यांची सोय मग बघायची, असा क्रमही कायद्यानेच घालून दिला होता.

आता ज्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात तो घेऊ. नेशनवाइडने जवळपास सगळ्या ठेवी घेतल्या, म्हणजे जवळपास सगळी देणी घेतली. पण कर्जं मात्र फक्त चांगली घेतली. समजा देणी १०० पौंडांची आणि सोबत आलेली कर्जं ४० पौंडांची. उरलेले ६० कोण देणार? ब्रिटिश सरकारने ते रोख दिले. डनफर्मलिनच्या बाबतीत ही रक्कम १५० कोटी पौंडांहून जास्त होती. आकडा ऐकून दचकायला होतं, आणि तेव्हाही अनेकांनी विचारलं की सहा-दहा कोटी देऊन संस्था वाचत होती तर दीडशे कोटी का घातले? पण हे १५० कोटी म्हणजे तोटा नव्हे. त्यांच्या बदल्यात मागे राहिलेल्या मालमत्तेच्या वसुलीवर सरकारचा हक्क आला. प्रशासक जसजसे पैसे वसूल करतील तसतसे ते सरकारकडे यायचे, आणि तरी राहिलेली तूट ठरावीक मर्यादेपर्यंत ठेव हमी योजनेने भरायची. खरा तोटा म्हणजे अखेरीस जे वसूल होणार नाही तेवढाच. सहा-दहा कोटी मात्र थेट भांडवल म्हणून गेले असते, आणि संस्था तरीही बुडाली असती तर सगळ्यांत आधी तेच गेले असते.

ठेव हमी योजनेचा पैसाही आभाळातून पडत नाही. तो वित्त क्षेत्रातल्या संस्थांकडून वर्गणीने वसूल होतो, आणि ठेवींबाबत ही वर्गणी हमीपात्र ठेवींच्या प्रमाणात. म्हणजे ज्यांच्याकडे छोट्या माणसांच्या ठेवी जास्त, त्यांना भार जास्त. बिल्डिंग सोसायट्यांचा धंदा तर पूर्ण ठेवींवरच चालतो. बड्या बँकांनी केलेल्या सट्ट्याची भरपाई सावध सोसायट्यांच्या सभासदांच्या खिशातून होत होती, आणि त्यांनी त्याविरुद्ध जोरात तक्रार केली. त्यांची तक्रार रास्त होती.

तर हिशेब असा. ठेवीदार पूर्ण वाचला. हमी योजनेची मर्यादा तेव्हा माणशी ५० हजार पौंड होती, पण त्याहून मोठी ठेवही सहीसलामत नेशनवाइडमध्ये गेली. हे किती महत्त्वाचं होतं ते कायद्याच्या एका कमी ज्ञात कलमावरून कळेल. बिल्डिंग सोसायटीतलं बचत खातं कायद्याच्या भाषेत ‘शेअर’ असतं, आणि संस्था दिवाळखोरीत निघाली तर असे शेअरवाले त्या काळी इतर घेणेकऱ्यांच्या मागे उभे राहत. मालक म्हणून मिळालेल्या मानाची ही किंमत. आधी बाकीच्यांचे पैसे, मग मालकांचे. सरळ दिवाळखोरी झाली असती तर हमीच्या मर्यादेवरची ठेव ठेवणारा म्हातारा सभासद रांगेत शेवटी असता. विभाजनामुळे तो रांगेतून बाहेर निघाला.

दुय्यम रोखे घेणारे मात्र मागे राहिले. जास्त व्याज घेऊन जोखीम पत्करलेल्यांनी ती सोसावी, यात अन्याय नाही.

आणि सभासद, सभासद म्हणून? १४० वर्षं साठवलेल्या संस्थेवरचा हक्क संपला, त्याचा मोबदला शून्य. नव्वदच्या दशकात सोसायटी बँक झाली की शेअर मिळायचे, इथे वाटण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. ठेवीदार नेशनवाइडचे सभासद झाले, तिथेही एक माणूस एक मत. पण तीन लाखांतलं एक मत आणि दीड कोटी माणसांतलं एक मत सारखं नसतं. डनफर्मलिनचं नाव काही वर्षं पाट्यांवर राहिलं, मग तेही गेलं. संस्थेचा कारभार गावातल्या माणसांच्या हातातून सुटला तो कायमचा.

मला हा निर्णय एकंदरीत योग्य वाटतो. ज्या क्षणी मालकाचं हित आणि ठेवीदाराचं हित यांतलं एकच वाचवता येतं, त्या क्षणी ठेव वाचवावी, कारण ठेव म्हणजे कुणाचं तरी आजारपण, कुणाच्या तरी पोरीचं शिक्षण. चुकलं ते आधी. २००५-०६च्या वार्षिक सभांत व्यापारी कर्जाचा आकडा फुगत होता तेव्हा सभासदांच्या मताला वजन होतं. मार्च २००९मध्ये ते मत विचारून उपयोग नव्हता, आणि विचारलंही गेलं नाही.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचं जाळं देशात सर्वांत दाट आहे, आणि हा अनुभव आपल्याला नवा नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले आणि पहिल्या दिवशी ठेवीदारांना सांगितलं की सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. बँकेच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त एकाच बांधकाम समूहाला दिलेली होती आणि ते दडवलेलं होतं. मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढली, पण युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण व्हायला २५ जानेवारी २०२२ उजाडलं. पाच लाखांवरच्या ठेवीदारांना उरलेले पैसे हप्त्यांनी, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत मिळायचे ठरले. डनफर्मलिनला एक शनिवार-रविवार लागला, पीएमसीला सव्वादोन वर्षांहून जास्त. फरक माणसांच्या हुशारीचा नाही. तिथे संस्था बुडायच्या आत तिचे तुकडे करण्याचा कायदा तयार होता, फरकाची रक्कम त्याच दिवशी द्यायला सरकार तयार होतं, आणि ताळेबंद वाईट असला तरी खरा होता. खोट्या वह्यांवर दोन दिवसांत बोली लावायला कोणीच धजत नाही.

आपल्याकडेही वेग वाढला आहे. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ला निर्बंध आले, १२२ कोटींच्या अपहाराचा आरोप समोर आला, आणि ४ ऑगस्ट २०२५ला ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिन्यांच्या आत. मोठ्या सहकारी बँकेने धाकटीला पोटात घेणं, हा तोच जुना रिवाज. सारस्वतने यापूर्वीही अशा अनेक बँका सामावून घेतल्या आहेत.

पण दोन गोष्टी प्रत्येक ठेवीदाराने आपापल्या बाबतीत तपासून घ्याव्यात. सहकारी बँकेतली ठेव फेब्रुवारी २०२०पासून माणशी पाच लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित आहे, मुद्दल आणि व्याज धरून, आणि एकाच बँकेतल्या सगळ्या शाखांमधली खाती मिळून. २०२१च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर ही रक्कम ९० दिवसांत द्यायची असते. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा लागू नाही. नावात ‘क्रेडिट सोसायटी’ असो, ‘मल्टिस्टेट’ असो, शाखा कितीही झगमगीत असो आणि व्याज कितीही चढं असो, पाच लाखांचं ते कवच तिथे नाही. ठेव विम्याचा फलक लावलेला दिसत नसेल तर काउंटरवर सरळ विचारावं.

दुसरी गोष्ट वार्षिक अहवालाची. तो सभेच्या आधी मिळतो आणि बहुतेक घरांत जेवणाच्या कुपनासोबत बाजूला पडतो. त्यात ढोबळ एनपीए म्हणजे थकलेली कर्जं किती टक्के आहेत ते छापलेलं असतं. सीआरएआर या नावाने भांडवलाचं प्रमाण असतं, म्हणजे मघाच्या उदाहरणातले ते पाच पौंड. आणि कर्जांची क्षेत्रवार वाटणी असेल तर बांधकाम आणि व्यापारी मालमत्तेकडे किती गेलं ते कळतं. एका वर्षाचा आकडा फारसं सांगत नाही. तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून पाहिले आणि थकबाकी वर, भांडवल खाली, बांधकामाचा हिस्सा वर असं दिसलं, तर सभेत हात वर करून अध्यक्षांना विचारायचा प्रश्न तयार आहे : ही कर्जं कोणाला दिलीत, किती जणांना, आणि तारण शेवटचं कधी तपासलं?